कित्तूरचं संग्रहालय घरच्यांसोबत पाहताना: ज्याला जे वाचता येतं, ते त्याने वाचायचं

मुलांना आणि सासूबाईंना घेऊन मी पहिल्यांदा एका लहानशा संग्रहालयात गेले, तेव्हा आम्ही पस्तीस मिनिटांत बाहेर होतो. धाकटा प्रत्येक काचेला नाक लावून पुढे पळत होता, थोरली 'हे वाच, ते वाच' ऐकून कंटाळली होती, आणि आज्जी दाराजवळच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून होत्या. "मला त्यातलं काय कळतंय, तुम्ही बघून या," म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये कुणालाच काही आठवत नव्हतं.

पुढे बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला गेलो तेव्हा किल्ला आणि संग्रहालय मिळून तीन तास गेले, तरी बाहेर पडताना धाकटा 'अजून एक दगड राहिला' म्हणून थांबला होता. माणसं तीच होती. बदललं इतकंच, की प्रत्येकाकडे वाचायला काहीतरी होतं. त्या दोन सहलींमधून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरण कित्तूरचं घेतलं आहे, पण खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, कुठल्याही घरच्यांना आणि कुठल्याही लहान संग्रहालयाला हे लागू पडेल.

आदल्या आठवड्यात: गोष्ट आधी, जागा नंतर

कित्तूर म्हणजे राणी चन्नम्मा, हे मुलांना शाळेतून ठाऊक असतं. बेळगावातल्या चौकातला घोड्यावरचा पुतळा त्यांनी शंभरदा पाहिलेला असतो. पण गोष्ट तुटक असते, म्हणून निघण्याआधी रात्री जेवताना दोन-तीन भागांत सांगा. माझी सांगायची पद्धत अशी.

चन्नम्मा आपल्या काकतीची. बेळगावहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की शहर संपताच लागतं तेच काकती. ती कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंच्या घरात आली. देसाई १८१६ मध्ये गेले, पुढे १८२४ मध्ये मुलगाही गेला. दत्तक घेतलेल्या शिवलिंगप्पाला वारस मानायला कंपनी सरकारने नकार दिला. धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन कित्तूरच्या वेशीवर आला आणि २३ ऑक्टोबर १८२४ रोजी तिथेच मारला गेला. त्याच्यावर गोळी झाडली ती अमटूरच्या बाळप्पाने. दोन इंग्रज अधिकारी ओलीस सापडले.

बरेच जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, किल्ला पडला, राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं आणि तिथेच १८२९ च्या फेब्रुवारीत तिचा अंत झाला. तिच्या फौजेतला संगोळ्ळी रायण्णा तिच्यानंतरही लढत राहिला. त्याला १८३१ च्या जानेवारीत आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिली. हा हरलेला भाग सांगितला नाही, तर कित्तूरला पोहोचल्यावर मुलं पहिलाच प्रश्न विचारतात, "जिंकली होती ना, मग वाडा पडलेला का?" हा प्रश्न घेऊनच त्यांनी तिथे जावं.

दुसरं काम कामांच्या वाटणीचं. आमच्याकडे अशी वाटणी झाली: कन्नड पाट्या वाचायच्या थोरलीने, दगडावरची चित्रं वाचायची धाकट्याने, आणि लाकूड, लोखंड, भांडी, दारं ओळखायची आज्जींनी. ह्यांच्याकडे वेळ आणि पाणी. ही वाटणी घरीच करा, तिथे जाऊन नको.

थोरलीच्या कामाबद्दल थोडं जास्त सांगते. कर्नाटक सरकारच्या संग्रहालयातल्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत असतात. आपल्या घरांतल्या आधीच्या पिढीतल्या कित्येक बायकांना कन्नड बोलता येतं, बाजारहाट त्या कन्नडात करतात, पण अक्षर वाचता येत नाही. आणि मराठी शाळेत जाणारं पोरही कन्नड विषय म्हणून शिकतं. आपल्याला तो गुणपत्रिकेतला एक आकडा वाटतो. त्या दिवशी माझ्या मुलीने पाटी मोठ्याने वाचली, आज्जींनी ती ऐकून मराठीत अर्थ सांगितला, आणि मधला एखादा जुना शब्द दोघींनाही अडला तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारला, "अण्णा, इदराग एन बरदैत्री?" (यात काय लिहिलंय?) ते उठून आले आणि पुढचा अर्धा तास आमच्यासोबत फिरले. अशा जागी काम करणाऱ्यांना विचारणारं कुणी भेटत नाही. विचारा, आदराने विचारा. जेवढं पाटीवर असतं त्याच्या चौपट त्यांच्याकडे असतं.

कधी, कसं, काय घेऊन

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात किल्ल्यातले पडके चौथरे शेवाळून निसरडे होतात, वयस्कर माणूस सोबत असेल तर टाळा. २३ ऑक्टोबरपासून तीन दिवस कित्तूर उत्सव असतो. मिरवणूक आणि गर्दीची मजा हवी तर जरूर जा, पण संग्रहालय शांतपणे बघायचं तर दुसरा दिवस निवडा. सरकारी संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते. निघण्याआधी त्या दिवशी उघडं आहे ना, याची खात्री करून घ्या.

बेळगावपासून कित्तूर साधारण ५० किलोमीटर, पुणे-बंगळूर महामार्गाने धारवाडकडे जाताना. हिरेबागेवाडी मागे पडतं, पुढे एम. के. हुबळीजवळ मलप्रभा ओलांडायची, मग कित्तूर. रेल्वे नाही. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून धारवाड-हुबळीच्या गाड्या सतत असतात, पण जलद गाडी गावात शिरेलच असं नाही. चढतानाच कंडक्टरला विचारा. महामार्गावर उतरवलं तर आज्जींना आणि लहान मुलांना घेऊन उन्हात चालणं जिवावर येतं.

पिशवीत काय? प्रत्येक मुलाला एक छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, शाईचा एक डाग जुन्या वस्तूवर पडला तर निघत नाही. एक लहान टॉर्च, त्याचं काम पुढे सांगते. सुट्टे पैसे. टोपी, पाणी, आणि घरचं जेवण. आम्ही भाकरी, शेंगाचटणी, सुकी भाजी आणि दहीबुत्ती, म्हणजे दहीभात, नेतो. दहीबुत्ती दुधात कालवून वर थोडंसंच विरजण घालायचं, दुपारपर्यंत आंबट होत नाही.

आधी किल्ला, मग संग्रहालय

संग्रहालय किल्ल्याच्या आवारातच आहे. ऊन चढायच्या आत, नऊ-साडेनऊला, आधी वाड्याचे अवशेष बघा आणि ऊन तापलं की छपराखाली जा. उलटं केलं तर दुपारी मुलं चिडतात आणि अवशेष कुणीच बघत नाही.

अवशेषांत फिरताना मुलांना खोल्या ओळखायला सांगा. छप्पर कुठेच नाही, पण चौथरे, भिंतींची बुडं, पाण्याच्या वाटा यांवरून ओळखता येतं. दार कुठे होतं? उंबरा झिजलेला दिसतो का? पाणी कुठून यायचं आणि कुठून जायचं? इथे आमच्या आज्जी पहिल्यांदा बोलू लागल्या. त्यांचं माहेरचं घर चौसोपी. "ही न्हाणी. उतार बघ, पाणी परसात काढलंय," त्या म्हणाल्या. जुन्या घरात वाढलेल्या माणसाला पडका वाडाही वाचता येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

या वाड्यात ध्रुवतारा पाहण्यासाठी म्हणून एक नळीसारखं भोक दाखवतात. मुलं त्यातून दिवसा डोकावून कंटाळतात, म्हणून आधी एक प्रश्न विचारा: नळी वर आभाळाकडे का नाही, जवळजवळ आडवी का? उत्तर सोपं आणि सुंदर आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तितकेच अंश त्या जागेचे अक्षांश असतात. कित्तूर साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला आहे, म्हणजे ध्रुवतारा तिथून खालीच, साडेपंधरा अंशांवर दिसणार. हात ताठ करून मूठ धरली की ती आभाळातले सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर आणखी अर्धी: तिथे ध्रुव. हे वहीत लिहून घ्यायला लावा, रात्री लागेल.

वीरगळ: खालून वर वाचायचा दगड

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे घालवायचा तिथे येऊ. आपल्या मुलखातल्या बहुतेक लहान संग्रहालयांत, बऱ्याचदा अंगणातच, कोरीव उभे दगड मांडलेले असतात. लोक त्यांच्याकडे पाठ करून तलवारी बघायला जातात. मला विचाराल तर तलवारी नंतर बघा. तलवार एका घराची असते, वीरगळ गावाचा असतो.

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक. शब्दातच बघा, 'वीर' आणि कन्नडातला 'कल्लु', म्हणजे दगड. अक्का, अण्णा, अडकित्ता यांच्यासारखाच हाही शब्द आपल्याकडे कन्नडातून आला आणि घरचा झाला.

दगडावर आडव्या पट्ट्यांत चित्रं असतात, बहुधा तीन, कधी जास्त. आपल्याला वाचायची सवय वरून खाली. इथे खालून सुरुवात करायची.

सगळ्यात खालची पट्टी मरणाची. धाकट्याला गुडघ्यावर बसवा आणि विचारा: किती माणसं? हातात काय? घोडा आहे की पायी लढाई? बाजूला गाई कोरल्या असतील तर ही बहुधा राजांची लढाई नव्हे. गावाची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना कुणीतरी पडला आहे. गुरं म्हणजे त्या काळची सगळी मिळकत. एका गुराख्याने किंवा कुळवाड्याने जीव दिला आणि गावाने त्याच्यासाठी दगड उभा केला. मुलांना हे राजाच्या गोष्टीपेक्षा जास्त भिडतं.

मधल्या पट्टीत तोच माणूस, दोन बाजूंना अप्सरा, त्याला वर नेत आहेत. कपडे, केस, हातांची ठेवण बघा. तो आता लढत नाही. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. जैन वीर असेल तर लिंगाच्या जागी तीर्थंकर. आणि अगदी टोकाला चंद्र आणि सूर्य: जोवर हे दोघे आहेत, तोवर याची आठवण राहो.

धाकट्याने एक दगड असा वाचला आणि मग आम्हाला कुणालाच वाचू दिलं नाही. पुढचे दगड त्याने एकट्याने वाचले. एकाची गोष्ट चुकली, ती आम्ही लगेच दुरुस्त केली नाही. थोरलीने पाटी वाचल्यावर त्याची त्यानेच सुधारली.

त्यात एखाद्या दगडावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसेल. ती सतीशिळा. कन्नडात मास्तिकल्लु म्हणतात, महासतीचा दगड. हात बांगड्यांचा आहे म्हणजे ती सवाष्णच गेली, असा त्याचा अर्थ. हे मुलांपासून लपवू नका आणि गोडही करू नका. आमच्या मुलीने विचारलं, "तिला विचारलं होतं का?" आज्जी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नसणार, बाळ." आम्ही तिथे थोडं थांबलो आणि मग पुढे गेलो.

टॉर्च आता काढा. दगडावर समोरून प्रकाश टाकला की सगळं सपाट दिसतं. बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून प्रकाश टाकला की बुजलेल्या रेषा उठून दिसतात. अंगणातल्या दगडांना सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन हेच काम करतं. दगडाला टॉर्च चालतो, पण जुना कागद किंवा कापड मांडलं असेल तर तिथे तो बंद ठेवायचा, कारण उजेडाने रंग आणि धागे झिजतात. त्याच कारणाने फोटो काढायची परवानगी असली तरी फ्लॅश नको. आणि परवानगी आधी विचारायची.

शिलालेख: वाचता आला नाही तरी वाचायचा

हळेकन्नड, म्हणजे जुनं कन्नड, माझ्या मुलीलाही वाचता आलं नाही. तरी तिने दोन-चार अक्षरं ओळखली आणि तिचा चेहरा उजळला. जुना लेख वाचण्याच्या आणखी खुणा आहेत. माथ्यावर काय कोरलंय ते पाहा. चंद्र-सूर्य, मध्ये लिंग, गाय आणि दूध पिणारं वासरू असलं तर बहुधा हा दानाचा लेख: अमुक देवळाला अमुक जमीन दिली, ती चंद्र-सूर्य असेतो चालावी. शेवटच्या ओळींत पुष्कळदा शाप असतो: दिलेली जमीन हिरावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. हे सांगितल्यावर धाकटा ती ओळ शोधत दगडाच्या बुडाशी बसला.

पाटीवर शक दिला असेल तर मुलांना हिशोब करू द्या: शकात ७८ मिळवले की इसवी सन, कधी एखाद्या वर्षाचा फरक.

इथे मी एक गोष्ट आवर्जून सांगते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, पुष्कळांनी पाहिली आहे. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ मध्ये, त्याचा अधिकारी बिचिराज याने ती बांधली. छताला दगडी कमळ आहे. त्या काळचे किल्ल्यातले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावाचं जुनं नाव वेणुग्राम, त्या गावाचा दगड बघायला विमानाने जावं लागतं. हे ऐकल्यावर अंगणात उन्हात उभा असलेला, हात लावावा इतक्या जवळ असलेला दगड मुलं वेगळ्या नजरेने बघतात. तरी हात लावायचा नाही. हाताचं तेल आणि घाम वर्षानुवर्षं लागून अक्षरं बुजतात, हे कारण सांगितलं की मुलं ऐकतात. नुसतं 'शिवू नको' म्हटलं की ऐकत नाहीत.

आज्जींचं दालन

आत शस्त्रं, ढाली, चिलखत, मूर्ती आणि वाड्यातली कोरीव लाकडी दारं-खिडक्या आहेत. शस्त्रांपाशी फार रेंगाळायची गरज नाही, मुलं आपोआप रेंगाळतात. तलवारीची मूठ, परज, पातं, म्यान हे शब्द तेवढे सांगा, आणि चिलखताच्या कड्या एकमेकींत कशा गुंतवल्यात ते वहीत काढायला लावा. चित्र काढणारं पोर दहा मिनिटं एका जागी उभं राहतं.

लाकडापाशी मात्र आज्जींना पुढे करा. आमच्या आज्जींनी एका दारापुढे उभं राहून गणेशपट्टी, उंबरा, कडी, कोयंडा, बिजागरी, अडसर, सगळं एकेक करून दाखवलं. अडसर भिंतीतल्या भोकात कसा सरकवायचे ते हाताने करून दाखवलं. शेजारचं दुसरं एक कुटुंब थांबून ऐकू लागलं. बाकावर पर्स घेऊन बसणाऱ्या आज्जी त्या याच. घरात आजोबा असतील आणि त्यांना मोडी येत असेल तर त्यांनाही जरूर न्या. कंपनीच्या काळात या मुलखाला इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, आणि इथला बराच दप्तरी कारभार मोडीत चाले. अशा संग्रहालयांत एखादा कागद भिंतीवर चौकटीत लटकलेला असतो आणि पाटी वाचून लोक पुढे जातात. कागद वाचणारा माणूस तुमच्याच घरी असू शकतो.

बसायची जागा आल्याआल्या हेरून ठेवा. वीस मिनिटांनी एकदा सगळ्यांनी बसायचं, पाणी बाहेर जाऊन प्यायचं. आणि सगळं बघायचा हट्ट सोडा. माणशी तीन वस्तू नीट पाहिल्या तरी चार माणसांच्या बारा होतात, त्या घरी येऊन सांगता येतात. बाकीच्या पुढच्या खेपेला.

घरी आल्यावर

जेवून निघालात तर वेळ उरतो. बैलहोंगलला चन्नम्मांची समाधी आहे, गोष्टीचा शेवट तिथे पूर्ण होतो. पण मुलं पेंगत असतील तर थेट घरी या. बेळगावात आणखी सोपा एक अर्धा दिवस आहे: टिळकवाडीतलं वीरसौध हे स्मारक आणि तिथली काँग्रेस विहीर. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन इथे भरलं, त्याच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली. कित्तूर पडल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. मुलांना ही वजाबाकी स्वतः करू द्या.

रात्री आभाळ स्वच्छ असेल तर गच्चीवर जा, उत्तरेला तोंड करा, हात ताठ करून मूठ धरा. बेळगावहूनही साधारण तेवढीच उंची, दीड मुठीच्या आसपास. शहराच्या उजेडात तारा फिकट दिसतो, डोळ्यांना दहा मिनिटं सवय होऊ द्या.

आणि मग, गावी जाल तेव्हा, मारुतीच्या देवळाशेजारी किंवा वेशीवर अर्धा पुरलेला एखादा दगड असेल. शेंदूर, चुना, कधी ऑइल पेंट. धाकट्याने आमच्या गावी गेल्यागेल्या तो शोधला. असा दगड सापडला तर तो हलवू नका, घासू नका, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा रंग भरू नका. सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो घ्या, शेजारी एक पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि जागेसह पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. नांगरताना जमिनीतून नाणी किंवा दागिने निघाले तर ते परस्पर ठेवून घेता येत नाहीत. निखात निधी कायद्याप्रमाणे, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाच्या कायद्याप्रमाणे, असं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठ्यांकडे गेलात तरी ते पुढची वाट सांगतात.

आमच्या गावच्या दगडाची खालची पट्टी जमिनीतच आहे. वरच्या दोन दिसतात: अप्सरा आणि लिंग. धाकटा दर सुट्टीत विचारतो, खाली गाई असतील की घोडा.